दोन डिस्कवरचे वाचन: मिरर, स्ट्राइप आणि मधला मार्ग

व्हिडिओच्या मोठ्या फायली ठेवण्यासाठी दोन सारख्या हार्ड डिस्क लिनक्सवर जोडायच्या होत्या. रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र वापरण्याची पद्धत. त्यांचा मिरर, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा ठेवणारा रेड-१ करावा की स्ट्राइप, म्हणजे डेटाचे तुकडे दोन्हींवर वाटणारा रेड-०, हे मी प्रत्यक्ष मोजून ठरवले. मोजण्यापूर्वी मिररचे रीसिंक, म्हणजे दोन्ही प्रती सारख्या करण्याचे काम, पूर्ण होऊ दिले, कारण ते चालू असताना मिळणाऱ्या आकड्यांना काही अर्थ नसतो. एफआयओ या वेग मोजणाऱ्या साधनात डायरेक्ट आयओ, म्हणजे कॅशे टाळून थेट डिस्कवरून वाचन, चालू ठेवले, नाहीतर डिस्कऐवजी रॅममधल्या कॅशेचाच वेग मोजला गेला असता. शिवाय डिस्कच्या बाहेरच्या ट्रॅकवरून वाचन अधिक वेगाने होत असल्याने प्रत्येक चाचणी डिस्कच्या सुरुवातीच्या, म्हणजे बाहेरच्याच भागावर घेतली.

एकच मोठी फाइल सलग वाचताना रेड-० ने जवळजवळ दुप्पट वेग दिला, पण तोही विनंत्या मोठ्या असतानाच. लिनक्समध्ये रेड चालवणाऱ्या एमडीचा चंक, म्हणजे एका डिस्कवर सलग जाणारा तुकडा, मुळात ५१२ केबीचा असतो. एका वेळी ६४ केबीची एकच विनंती पाठवली, तर ती एकाच डिस्कवर पडते आणि दुसरी तेवढा वेळ रिकामी राहते. मिररचा वेग मात्र एका डिस्कइतकाच राहिला, आणि डिस्क किती व्यस्त आहेत ते दाखवणाऱ्या आयओस्टॅटमध्ये एक डिस्क पूर्ण व्यस्त तर दुसरी जवळपास शून्यावर दिसत होती. हा एमडीचा आळस नव्हे. दोन्ही डिस्कवर तोच डेटा त्याच क्रमाने असतो. एकाआड एक तुकडा दोघींकडून मागवला, तरी वगळलेला तुकडा हेडखालून, म्हणजे डिस्कच्या वाचणाऱ्या टोकाखालून, सरकेपर्यंत प्रत्येकीला थांबावेच लागते. म्हणून एमडी सलग वाचन एकाच डिस्ककडे ठेवतो. दोन फायली एकाच वेळी वाचायला घेतल्यावर मात्र चित्र पालटले: मिररमध्ये प्रत्येक वाचनाला स्वतंत्र डिस्क मिळाली, तर रेड-० मध्ये दोन्ही हेड दोन फायलींमध्ये धावत राहिले.

चार केबीच्या विखुरलेल्या वाचनात, एका वेळी एकच विनंती असेल तर, दोघांत फरक उरत नाही. ७२०० आरपीएमच्या डिस्कला एका फेरीस ८.३३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हेड योग्य ट्रॅकवर पोहोचल्यानंतरही सरासरी ४.१७ मिलिसेकंद थांबणे आलेच, आणि दुसरी डिस्क ते वाचवू शकत नाही. एकाच वेळी पाठवलेल्या विनंत्यांची रांग वाढवल्यावर दोन्ही रचना सुधारल्या.

शेवटी मी निवडली ती लिनक्सच्या रेड-१० ची, म्हणजे मिरर आणि स्ट्राइप एकत्र करणाऱ्या प्रकाराची, ‘फार’ (far) नावाची मांडणी, जी दोन डिस्कवरही चालते. तिच्यात पहिली प्रत दोन्ही डिस्कच्या पहिल्या अर्ध्या भागात स्ट्राइपसारखी पसरते आणि दुसरी प्रत डिस्क बदलून उरलेल्या अर्ध्यात जाते. त्यामुळे सलग वाचन रेड-० च्या जवळ पोहोचले आणि एक डिस्क गेली तरी डेटा शाबूत राहण्याची सोय झाली. लिहिताना हेडला दोन्ही अर्ध्यांत ये-जा करावी लागते, त्यामुळे लेखन मिररपेक्षा मंदावले. एकदा लिहून वारंवार वाचायच्या फायलींसाठी मला ते चालण्यासारखे होते. पुढे डिस्क वाढवायची झाल्यास मात्र ही मांडणी रीशेप होत नाही, म्हणजे आहे त्या डेटासह तिची रचना बदलता येत नाही. डेटा बाहेर काढून डिस्कचा संच, म्हणजे अ‍ॅरे नव्याने बांधावा लागेल.