पदवी सेरामपूरची

मी शिकले पुण्यात, बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकवणाऱ्या संस्थेत. पदवी मात्र सेरामपूरची, कारण आमची सेमिनरी तिथल्या विद्यापीठाशी जोडलेली. नातेवाइकांना वाटतं, आपल्या नगरकडचं श्रीरामपूर. हे बंगालमधलं, हुगळीच्या काठचं, बराकपूरच्या समोरचं. बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात (यूटीसी) किंवा कोलकात्याच्या बिशप्स कॉलेजात धर्मशास्त्र शिकणारेही याच सेरामपूरचे पदवीधर.

विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड या इंग्रज मिशनऱ्यांनी १८१८ साली तिथं कॉलेज काढलं. कंपनी सरकारला आपल्या हद्दीत मिशनरी नको होते, म्हणून ही मंडळी डॅनिशांच्या ताब्यातल्या या गावात राहिली होती. १८२७ मध्ये डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक यानं सनद देऊन त्यांना पदव्या देण्याचा अधिकार दिला. मुंबई विद्यापीठ निघालं ते त्यानंतर तीस वर्षांनी. पुढं १८४५ ला गाव इंग्रजांना विकलं गेलं, सनद मात्र टिकली. धर्मशास्त्राची पहिली पदवी प्रत्यक्षात मिळायला १९१५ उजाडलं, ही गोष्ट वेगळी.

केरी स्वतः जोडे शिवणारा, विद्यापीठाची पायरी न चढलेला. त्याच्या कॉलेजात हिंदू मुलंही शिकत, संस्कृत आणि पाश्चात्त्य विज्ञान दोन्ही शिकवलं जाई, आणि जात, रंग, देश यांवरून कुणाला अडवायचं नाही असं नियमांतच लिहिलेलं होतं. कॉलेज निघण्याआधीच, १८१० मध्ये, त्यानं पंडित वैजनाथांच्या मदतीनं मराठीचा कोश छापला होता. त्याची पानं मी पाहिली आहेत: शब्द मोडीत, अर्थ इंग्रजीत. मोडीचे छपाईचे खिळे पाडणं केवढं जिकिरीचं काम! मला या कामात ख्रिस्तीपण दिसतं. ज्यांच्यात आलो त्यांच्या भाषेपुढं आधी विद्यार्थी होऊन बसायचं.

आज अशी ख्रिस्ती विद्यापीठं सगळ्यात झपाट्यानं वाढताहेत ती आफ्रिकेत. युगांडात मुकोनोच्या जुन्या बिशप टकर सेमिनरीचं १९९७ मध्ये विद्यापीठ झालं. नायजेरियात १९९९ पासून खासगी विद्यापीठांना परवाने मिळू लागले आणि चर्चेस पुढं आली. ओटा इथलं कव्हेनंट विद्यापीठ २००२ चं. सरकारी विद्यापीठं प्राध्यापकांच्या संपांनी महिनोन्‌महिने बंद पडतात, तेव्हा वेळेवर परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडं पालक धावणारच. पण चर्चच्या दानातून उभ्या राहिलेल्या विद्यापीठाची फी दान देणाऱ्यांनाच परवडत नाही, ही तक्रार नायजेरियात जाहीरपणे होत आली आहे. ती मला फार लागते. चॅपलमधल्या प्रार्थनेची हजेरी सक्तीची करून संस्थेचं ख्रिस्तीपण राखता येईल असं मला वाटत नाही. दारात कोण उभं राहू शकतं, हे मी आधी पाहते.

आमच्याकडं खेड्यातल्या चर्चच्या मंडळ्या हंगामाच्या सणाला ज्वारीची पोती, कोंबड्या, भोपळे आणतात. त्यांचा लिलाव होतो, आणि कधीकधी त्यातूनच सेमिनरीतल्या एखाद्या मुलाची फी भरली जाते. ते भोपळे आणणाऱ्या बाईची मुलगी उद्या कुठल्याही ख्रिस्ती विद्यापीठात, मग ते ओटाचं असो की आपल्याकडचं, फीपायी दारातून परत जाता कामा नये.