सहावं भोक

पुतण्यानं जुनी जीप पार सोलून काढली आहे. सध्या गाडी म्हणजे चासी, इंजिन आणि त्याची उमेद. रविवारी दुपारी उद्यमनगरातल्या शेडमध्ये गेलो, तर हा टेबलावर डॅशबोर्डचा कोरा पत्रा पसरून आमटीच्या वाटीभोवती खडू फिरवत होता. ती वाटी स्पीडोमीटरची. शेजारी 52 मिलिमीटरचे छोटे गोल, बाकीच्या मीटरांचे.

"काका, किती भोकं पाडू?"

स्पीडचा काटा कायद्यानंच लागतो, तिथं मत विचारायची सोय नाही. युद्धातल्या विलिस जीपला एकूण पाच डायल होते. वेगाचा मोठा, आणि पेट्रोल, पाणी, ऑइल, करंट यांचे चार छोटे. लढाईला पाच पुरले. पुतण्याला सहा हवेत.

मला विचाराल तर पेट्रोलच्या काट्यावर माझा काडीचा विश्वास नाही. अण्णांच्या स्कूटरला तो नव्हताच. रोज सकाळी अण्णा टाकीचं झाकण उघडायचे, मला जवळ बोलवायचे आणि हँडल धरून स्कूटर डुलवायचे. मी कान लावायचा. 'खळखळ' म्हणजे ऑफिसला जाऊन परत. नुसतं 'खळ' आलं तर पंपापर्यंत. हे काम धाकट्याला कधी मिळालं नाही, त्याचा कान कच्चा होता. शाळेत पोचेपर्यंत माझ्या अंगाला पेट्रोल-ऑइलचा वास यायचा आणि मला त्याचा अभिमान होता. पुढं स्वतःची गाडी आली, काटाही आला. तो पहिली अर्धी टाकी निवांत उतरायचा आणि उरलेली अर्धी बघता बघता संपवायचा. मी काचेवर टिचकी मारून बघायचो. आता काट्याऐवजी उजेडाच्या पट्ट्या आल्यात. टिचकी मारली की बायको बघते.

पाण्याच्या काट्याचं वेगळंच. इंजिनातलं पाणी किती तापलंय ते तो दाखवतो. रत्नागिरीचं लग्न उरकून मामांच्या जीपमधून आम्ही परत येत होतो. साखरपा सोडलं, आंबा घाट लागला, तसा काटा लाल रेघेकडं सरकायला लागला. पुढं बसलेल्या सगळ्यांचे डोळे तिथंच. मामींनी पदराचं टोक मुठीत धरलेलं. एका वळणानंतर काटा आपोआप खाली आला. मामा म्हणाले, "बघा, गार झाली." गाडीत पुन्हा गप्पा सुरू झाल्या, कुणीतरी लाडू काढले. दोन वळणांवर इंजिन कण्हलं आणि जाम झालं. पाणी केव्हाच संपलेलं. सेन्सर कोरड्यात लटकत होता, आणि कोरड्यात त्याला उकळतंय हे कळणार कसं? तो लाडू मी अर्धाच खाल्ला होता. रात्र घाटात काढली.

हे पुतण्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि पाण्याचा गोल होता तिथंच ठेवला. बरोबर आहे, न लावून काय करणार?

ऑइल प्रेशरवर वाद नव्हता. तो काटा पडला की गाडी जागेवर बंद करायची, विचार नंतर. करंटसाठी त्याला जुन्या धर्तीचा अ‍ॅम्पियर मीटर हवा होता. मिस्त्रींनी डोकं हलवलं. त्यात गाडीचा बहुतेक करंट डॅशबोर्डपर्यंत येऊन माघारी जातो, मागचा एक नट ढिला झाला की तापतो. त्यापेक्षा व्होल्टमीटर. चालू गाडीत चौदाच्या आसपास दिसलं की झालं. पुतण्याचा चेहरा पडला, पण पटलं.

राहिला सहावा, आरपीएमचा, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय त्याचा. मिस्त्री हसले. "डिझेल हाय. आवाज येतोय की."

यावर पुतण्या काही बोलला नाही. फक्त तोवर भोकं पाडून झाली होती, सहाही. पत्रा पुन्हा आणायचा, वाकवायचा, कोण करणार? आरपीएम मीटर आणायचा की रबरी बूच लावायचं, ते रंगाच्या वेळी बघू म्हणाला.

पत्रा अजून टेबलावर आडवाच आहे. सहाव्या भोकात चहाचा कागदी कप काठापर्यंत उतरून अडकतो. मिस्त्री तिथंच ठेवतात. सांडत नाही.