सिक्स-टू पर्यंत कसा पोचलो

आम्ही डॅलसजवळ राहतो, इथे फुटबॉल म्हणजे हातात धरून पळायचा तोच. पोरगा ९ वर्षांचा, त्याच्या टीमला डिफेन्स कोच मिळेना म्हणून मी हात वर केला. भांडवल काय, तर सांगलीला कॉलेजात कबड्डी खेळायचो, डावा कोपरा, आणि रविवारी टीव्हीवर मॅचेस.

टीव्ही बघूनच पहिल्यांदा फसलो. फोर-थ्री लावला, म्हणजे अगदी पुढच्या लाइनवर ४, त्यांच्या मागे ३ लाइनबॅकर (दुसरी फळी) आणि उरलेले ४ पास अडवायला. पण या वयात पास टाकतंय कोण, टाकला तरी झेलतंय कोण, समोरचे नुसते पळवतात. माझी ४ पोरं मागे गवत मोजत उभी आणि पहिल्या मॅचला तोच तो स्वीप, उजवीकडून वळसा घालून थेट टचडाउन.

मग रोज रात्री डायनिंग टेबलवर हरभरे म्हणजे ऑफेन्स, शेंगदाणे म्हणजे आपण. समोरच्या लाइनीत मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. सेंटर-गार्डच्या मधली फट ए, गार्ड-टॅकलमधली बी, पुढची सी, दोन्ही बाजूंच्या मिळून ६, शिवाय बाहेरचं मोकळं रान. बायको म्हणाली, तुझं झालं असेल तर हरभरे भिजत घालू दे.

मधे शिकागो बेअर्स टीमच्या ४६ डिफेन्सचा मोह झाला, तो कोच बडी रायनचा, १९८५ मध्ये ज्यानं सगळ्यांना रडवलं तो. नंतर कळलं की ४६ म्हणजे ४ पुढे, ६ मागे असं नव्हेच, डग प्लँक नावाच्या सेफ्टीचा (सगळ्यात मागे उभा राहणाऱ्याचा) जर्सी नंबर! हेड कोच म्हणाले, आधी पोरांना डावं-उजवं कळू दे.

फाइव्ह-थ्री दोन आठवडे चालवला. बरा होता, पण सेंटरच्या समोर उभ्या एकट्या पोराला, त्याला नोज म्हणतात, सेंटर आणि गार्ड मिळून उचलून बाजूला ठेवायचे. शिवाय आमच्या लीगमध्ये प्रत्येक पोराला खेळवायलाच लागतं, आणि सगळे सांगतात की नवखी पोरं कॉर्नरला, म्हणजे मागे कडेला, लपव. तिथे पळणारा एकटा समोर आला की संपलंच ना. म्हणून सिक्स-टू घेतला, लाइनवर ६, लाइनबॅकर २, मागे ३. दोन नवखी पोरं दोन्ही ए फटींत, काम एकच, चार पायांवर अस्वलासारखं आत घुसायचं, कुणाला पकडलं नाही तरी चालेल, तिथे अडगळ झाली की पुरे.

आणि सगळ्यात शहाणी पोरं लाइनीच्या दोन्ही टोकांना. इथे कबड्डी कामाला आली, कोपरा घाई करून आत शिरला की रेडर मागून निसटतो, तसंच, तुझ्या बाहेरून कुणी जाता कामा नये बस. (घोट्याची पकड मात्र चुकूनही शिकवली नाही, त्यात डोकं खाली जातं, इथे डोकं वर आणि खांदा लावायचा.) माझ्या पोराला लाइनबॅकर व्हायचं होतं, त्याला टोकाला ठेवला तर घरी येईपर्यंत गाडीत शब्द नाही.

पुढे तीच स्वीपवाली टीम परत आली. पोरगा जागचा हललाच नाही, पळणाऱ्याला आत वळावं लागलं आणि लाइनबॅकरनं त्याला आडवा केला, टाळ्या त्याला. गाडीत बसल्या बसल्या, "बाबा, मला एक पण टॅकल नाही मिळाली." (टॅकल म्हणजे इथे पळणाऱ्याला पाडणं.)

मॅच तशी हरलोच, १४-१२. पासवर. मागे ३च जण होते ना.