एर्तुग्रुलचा बॉयलर

जपानच्या किई द्वीपकल्पाच्या टोकाशी काशिनोझाकीचा दीपस्तंभ आहे आणि जवळच तुर्की खलाशांचं स्मारक. माझी सगळी नोकरी जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेली, किनारे फारसे पाहिलेच नाहीत. पण ओसाकाला जाताना आमच्या सेकंड ऑफिसरने मला मुद्दाम वर बोलावून हे टोक दाखवलं होतं. तेव्हापासून जपान-तुर्कस्तान मैत्रीबद्दल मिळेल ते वाचतो. इस्तंबूल ते टोकियो जवळपास नऊ हजार किलोमीटर. यांचं एकमेकांशी जमलं कसं?

1889 मध्ये तुर्कस्तानच्या उस्मानी (ऑटोमन) साम्राज्याचा सुलतान आणि खलिफा अब्दुल हमीद दुसरा याने जपानच्या सम्राटासाठी मानचिन्ह देऊन 'एर्तुग्रुल' ही फ्रिगेट, म्हणजे युद्धनौका, पाठवली. वाटेतल्या बंदरांतल्या मुसलमानांना खलिफाचं निशाण दिसावं, हाही हेतू होताच. जहाज लाकडी, 1863 साली पाण्यात उतरवलेलं आणि वर्षानुवर्षं बंदरात नुसतं उभं. सुएझ कालव्यातच ते रुतलं. डागडुजी करून एडन, आपली मुंबई, कोलंबो, सिंगापूर असं करत योकोहामाला पोहोचायला जून 1890 उजाडला. आज जहाजांची तपासणी करणारा कुठलाही सर्व्हेयर असल्या सांगाड्याच्या कागदांवर सही करणार नाही. पण दरबाराच्या इभ्रतीचा प्रश्न आला की इंजिनरूमचं कोण ऐकतो?

तिथे खलाशांना कॉलऱ्याने गाठलं. तुफानांचा मोसम जाऊ द्या, असं जपान्यांनी सांगूनही सप्टेंबरमध्ये जहाज परत निघालं. 16 तारखेच्या रात्री ते खडकांवर आपटलं, पाणी बॉयलरपर्यंत पोहोचलं आणि स्फोट झाला. मोहिमेचा प्रमुख उस्मान पाशा याच्यासकट पाचशेहून अधिक माणसं गेली, 69 वाचली. दीपस्तंभाच्या उजेडाच्या रोखाने काही जण कडा चढून वर आले. गावातल्या कोळ्यांनी गारठलेल्यांना अंगाची ऊब दिली, घरातली रताळी आणि कोंबड्या त्यांच्यापुढे ठेवल्या. मोसम वाईट गेल्यामुळे त्यांच्याच घरात खायची मारामार होती, असं सांगतात. पुढे जपानच्या दोन युद्धनौका वाचलेल्यांना इस्तंबूलला पोहोचवून आल्या.

भाषणांमध्ये गोष्ट इथे थांबते आणि टाळ्या पडतात. मला पुढचा भाग जास्त रंगतदार वाटतो. एवढं सगळं होऊनही दोन्ही देशांत राजनैतिक संबंध जुळले ते थेट 1924 मध्ये! युरोपियनांना उस्मानी मुलखात जे खास हक्क होते, म्हणजे त्यांच्या माणसांवर तिथल्या कोर्टात खटला चालवायचा नाही वगैरे, तेच जपानला हवे होते. सुलतान कबूल होईना. बरं, गोऱ्यांनी हेच हक्क जपानकडून लिहून घेतले होते आणि ते मोडून काढायला जपान तेव्हा जिवाचं रान करत होता. स्वतःला बोचणारा जोडा दुसऱ्याच्या पायात घालायला निघाले होते! पहिल्या महायुद्धानंतर तुर्कस्तानशी झालेल्या 1923 च्या लोझानच्या तहात ते हक्कच निकालात निघाले आणि मग वाट मोकळी झाली.

मार्च 1985, इराण-इराक युद्ध चालू. ठरलेल्या मुदतीनंतर इराणवरून उडणारं कुठलंही विमान पाडू, अशी इराकच्या सद्दाम हुसेनची धमकी. तेहरानमध्ये दोनशेहून जास्त जपानी अडकलेले आणि जपानी विमान कंपनीला सुरक्षेची हमी मिळेना. तुर्की एअरलाइन्सची दोन विमानं आली आणि मुदत संपायच्या आत त्यांना घेऊन गेली. एर्तुग्रुलची परतफेड म्हणून ही घटना दोन्हीकडे सांगतात. तेहरानमध्ये तेव्हा शेकडो तुर्कही होते. विमानातल्या जागा जपान्यांना गेल्या आणि हे तुर्क गाड्यांनी सरहद्दीकडे निघाले. त्यांचं स्मारक मला कुठे सापडलेलं नाही.