शेवटी कोण जेवतं, ते आधी विचारा

"भागतंय की." सोलापुरात कुठल्याही वस्तीत खाण्यापिण्याचं विचारलं की पहिलं उत्तर हेच येतं. उत्तर खोटं नसतं. घर म्हणून भागतंच. पोरं जेवलेली असतात, यंत्रमागावर जाणारा गडी डबा घेऊन गेलेला असतो. पण दुपारी दोनला मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या बाईच्या पोटात सकाळपासून दोन कप चहा आणि एक बटर (चहात बुडवून खायचा कडक पाव) एवढंच गेलेलं असतं. "भागतंय" मध्ये ती बाई मोजलीच जात नाही.

टंचाईची झळ घरात सगळ्यांना सारखी लागत नाही. आधी थोरल्यांच्या ताटातलं कमी होतं, त्यातही बाईच्या आणि म्हाताऱ्या माणसाच्या. सरकारी योजनांची रचनाही थोरल्यांना वगळूनच झालेली आहे. शाळेतल्या पोराला दुपारचं जेवण मिळतं. अंगणवाडीचा आहार सहा वर्षांखालच्या मुलांना, गरोदर आणि स्तनदा मातांना. पंचेचाळीस वर्षांची विडी कामगार यातल्या कशातच बसत नाही. तिच्या वाट्याला उरतं ते रेशन, आणि तेही घराच्या नावावर.

म्हणून रेशनचा हिशोब एकदा नीट मांडू. अन्न सुरक्षा कायदा 2013 चा. प्राधान्य कुटुंबाला, म्हणजे उत्पन्नाच्या अटीत बसून यादीत आलेल्या घराला, माणशी महिन्याला 5 किलो धान्य, अंत्योदयला, म्हणजे सगळ्यात गरीब घरांना, कार्डामागे 35 किलो. आता ते मोफत आहे. 5 किलो म्हणजे दिवसाला माणशी 167 ग्रॅम. पाच जणांच्या घरात दोघं अंगमेहनत करणारी असतील तर सरासरी माणशी 350 ग्रॅम धान्य सहज लागतं, म्हणजे घराला दिवसाला पावणेदोन किलो. 25 किलो धान्य चौदा दिवस पुरतं. पुढचे सोळा दिवस विकत. शिवाय रेशनला मुख्यतः गहू-तांदूळ, आणि इथली जीभ ज्वारीची. भाकरीचं पीठ हवं असेल तर ज्वारी बहुतेक वेळा बाजारातूनच आणावी लागते.

हा हिशोब सगळी नावं कार्डावर आहेत असं धरून झाला. प्रत्यक्षात सून तीन वर्षांपूर्वी आलेली, पण नाव अजून माहेरच्या कार्डावर. नातवाचं नाव कुठेच नाही. दोन नावं गेली की 25 चे 15 किलो होतात आणि चौदा दिवसांचे साडेआठ. सुनेसाठी आधी माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला, मग तो, आधार आणि लग्नाचा पुरावा जोडून इथल्या अन्नधान्य वितरण कार्यालयात अर्ज. लोक इथे एक चूक करतात: छापील कार्डावर नाव चढलं की काम झालं असं समजतात. दुकानात धान्य निघतं ते अंगठ्याच्या मशिनमध्ये असलेल्या नावांवर. रेशनकार्डाच्या बारा अंकी नंबरावर ते नाव ऑनलाइन चढलंय का, हे दुकानदाराकडून पावती घेऊन बघा. पावतीवर धान्य किती माणसांचं निघालं ते मोजलं की लगेच कळतं.

केशरी कार्ड आहे म्हणजे धान्य मिळतं, असंही नाही. प्राधान्य यादीत बसवताना शहरासाठी वार्षिक उत्पन्नाची 59,000 रुपयांची मर्यादा ठरली होती. महिन्याला पाच हजारसुद्धा होत नाहीत. त्यावर इष्टांकाची, म्हणजे ठरवून दिलेल्या लाभार्थी संख्येची, भिंत: महाराष्ट्रात शहरी भागात 45.34 टक्के लोकांनाच या कायद्याखाली घेता येतं, आणि तो आकडा 2011 च्या जनगणनेवर बांधलेला. यादी भरलेली असेल तर पात्र माणूसही थांबतो. मला यातली सगळ्यात मोठी अन्यायाची जागा हीच वाटते. भूक वाढते, आकडा जागचा हलत नाही.

आणि अंगठा. वर्षानुवर्षं पानं कापून, विडी वळून बोटांच्या रेषा झिजतात. मशिन अंगठा घेत नाही. अशा वेळी परत जाऊ नका. हात धुऊन, कोरडे करून दुसरं बोट लावून बघा. कार्डावरच्या दुसऱ्या कुणाचाही अंगठा चालतो. आधारला मोबाईल जोडलेला असेल तर ओटीपीचा पर्याय मागा. ज्या घरात एकटी म्हातारी बाई आहे तिथे मात्र दुसरा अंगठाच नसतो. वस्तीत काम करणाऱ्यांनी अशी घरं आधी हेरून ठेवावीत.

आता वस्तीत जाऊन कोण उपाशी राहतं हे विचारायचं कसं, यावर थोडं सविस्तर. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेची आठ प्रश्नांची पद्धत आहे. गेल्या बारा महिन्यांत, पैशाअभावी किंवा इतर साधनांअभावी, काळजी वाटली का, पौष्टिक खाता आलं नाही का, मोजकेच पदार्थ खावे लागले का, एखादं जेवण टाळलं का, हवं त्यापेक्षा कमी खाल्लं का, घरातलं संपलं का, भूक असून खाल्लं नाही का, आख्खा दिवस उपाशी काढला का. प्रश्न सौम्याकडून तीव्राकडे जातात. ते दोन तऱ्हेनं विचारता येतात: "तुम्ही किंवा घरातलं कुणी" असा, किंवा नुसतं "तुम्ही". आपल्याकडे दुसरीच तऱ्हा घ्या, आणि घरातल्या प्रत्येक थोरल्या माणसाला वेगळं विचारा. सासूसमोर सुनेला विचाराल तर आठही उत्तरं "नाही" येतील.

सगळ्यात जास्त घोळ शेवटच्या प्रश्नात होतो. "दिवसभर उपास घडला का?" असं विचारलं की बाई सोमवार, एकादशी, श्रावण मोजायला लागते. रमजानच्या रोज्यांचंही तसंच. उपास आणि उपाशी हे दोन शब्द वेगळे ठेवा: "घरात नव्हतं म्हणून दिवसभर काहीच खाल्लं नाही, असं झालं का?" एखादीनं काळजीच्या प्रश्नाला "नाही" आणि शेवटच्याला "हो" म्हटलं असेल तर तिथे बहुतेक वेळा उपासच मोजला गेलाय. परत विचारा. सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या वस्तीत, प्रश्न तेलुगूत विचारा, आणि शक्यतो बाईनं बाईला.

"जेवण टाळलं का" मध्येही फसगत आहे. आपल्याकडे भाकरी किंवा भात पोटात गेला नाही तर ते जेवण धरत नाहीत, पण चहात बुडवून बटर खाल्लं की "खाल्लं की सकाळी" म्हणतात. म्हणून काय खाल्लं ते विचारा. आणि बारा महिने आठवायला संक्रांतीची गड्ड्याची जत्रा, जूनमधला वह्या-पुस्तकांचा खर्च, आषाढी, दिवाळी अशा खुणा द्या. महिन्यात कधी गेलात तेही टिपा. धान्य मिळाल्यावर दोन दिवसांनी गेलात तर सगळीच घरं भरलेली दिसतात.

कमी खाणं किती, हे भाकरीत मोजा. किलोभर पिठाच्या बारा-तेरा भाकऱ्या होतात, म्हणजे एकीत 80 ग्रॅमच्या आसपास पीठ, सुमारे 270 कॅलरी. मध्यम कष्टाच्या बाईला राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबानं दिवसाला 2,130 कॅलरी लागतात. तिनं सकाळ-संध्याकाळ एकेक भाकरी कमी केली तर चौथा हिस्सा गेला. डाळीचं तर विचारूच नका: त्याच संस्थेच्या ताटात माणशी 85 ग्रॅम डाळ-कडधान्य आहे, आणि महिन्याला दोन किलो डाळ आणणाऱ्या पाच जणांच्या घरात माणशी 13 ग्रॅम येतं. आमटीच्या पातेल्यात पळी घातली की तळाला डाळ लागते की नुसतं तिखट पाणी, ते दिसतंच. शेंगाचटणीनं थोडं भरून निघतं, पण हात आखडला की शेंगदाण्याचा कूटही कमी होतो आणि चटणी लाल-तिखट होत जाते.

आठ प्रश्न झाले की माझ्या मते एक नववा विचारावा. तो कुठल्याही नमुन्यात नाही: "काल रात्री सगळ्यांत शेवटी कोण बसलं, आणि तेव्हा दुरडीत किती भाकऱ्या होत्या?" याला "भागतंय की" असं उत्तर देता येत नाही. बाई आकडाच सांगते. तो आकडा, तिचं वय आणि त्या दिवशी तिनं किती विड्या वळल्या, हे तिन्ही एका ओळीत लिहा.