कानाचा दाखला

त्या दिवशी वर्गात भारतीय न्याय संहितेचं कलम ११६ घ्यायचं होतं: गंभीर दुखापत. पुंसत्व नष्ट होणं, एखाद्या डोळ्याची दृष्टी कायमची जाणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं अशी अवयवांची यादीच कायद्यात दिलेली आहे. कायदा इतका नेमका का बोलतो, हे मुलांना दाखवायला उदाहरण हवं होतं, म्हणून अठराव्या शतकातल्या, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना आणि व्हर्जिनियाचे मारामाऱ्यांविरुद्धचे कायदे काढले. दिवस त्यांतच गेला.

इंग्लंडच्या जुन्या परंपरागत कायद्यात अंगच्छेदाची कसोटी लढण्याची ताकद ही होती. हात, बोट, डोळा, अगदी पुढचा दात गेला तर तो अंगच्छेद, कारण माणूस लढायला कमी पडतो. नाक किंवा कान गेला तर नाही, कारण त्याने माणूस फक्त कुरूप होतो. १६७० साली सर जॉन कोव्हेंट्री या संसद सदस्याचं नाक चिरलं गेलं, तेव्हा पुढच्या वर्षी त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला.

इंग्लंडच्या अमेरिकेतल्या वसाहतींत हीच पळवाट बुजवत जावी लागली. १७४६ मध्ये मारामाऱ्यांत चार माणसं मेल्यावर नॉर्थ कॅरोलायनाच्या गव्हर्नरने विधिमंडळाकडे कायदा मागितला. जीभ कापणं आणि डोळे उपटणं हा घोर गुन्हा ठरला. पाच वर्षांनी नाक चिरणं, चावणं, तोडणं त्यात आलं. व्हर्जिनियाने १७४८ मध्ये असाच कायदा केला आणि १७७२ मध्ये त्यात बोटांनी डोळा काढणं, चावणं, लाथा मारणं, तुडवणं हे शब्द घातले. १७८६ येईतो साउथ कॅरोलायनानेही ठरवून केलेल्या अंगच्छेदाला देहदंड लावला होता. या दुरुस्त्या ओळीने वाचल्या की माणसं कशी लढत होती तेच समोर येतं.

लढणारे आधी एकमेकांना विचारायचे: नियमाने की ‘रफ अँड टंबल’? दुसरं ठरलं, तर एकाने हार मानेपर्यंत सगळं चालायचं. मुख्य डाव डोळ्याचा. कानशिलाजवळचे केस बोटांना गुंडाळून डोकं जखडायचं आणि सुटा अंगठा डोळ्याच्या कोपऱ्यात दाबायचा. खोबणीची हाडाची कड नाकाकडून आणि कपाळाकडून पुढे असते, कानाकडून मागे सरलेली असते. त्या बाजूने डोळा बराच उघडा पडतो. यासाठी नखं वाढवत, मेणबत्तीच्या आचेवर कडक करत, तेल लावून ठेवत. पण अंगठा चुकून घसरला, तर तो समोरच्याच्या दातांत जातो. कायद्यात चाव्याचा उल्लेख पुन्हा पुन्हा का येतो, ते इथे कळतं. आयझॅक वेल्ड हा आयरिश प्रवासी १७९० च्या दशकात मेरीलँड-व्हर्जिनियातून गेला. मारामारीत वृषणांवर झालेल्या हल्ल्यांमुळे अंथरुणाला खिळलेली चार-पाच माणसं स्वतः पाहिल्याचं त्याने लिहिलं आहे. कलम ११६ मधला पहिलाच प्रकार!

थॉमस ॲश या दुसऱ्या प्रवाशाने १८०६ च्या प्रवासातली, व्हीलिंग गावातली एक झुंज वर्णिली आहे: डोळे, नाक, ओठ, सगळंच गेलेलं. ॲशवर मी फार विसंबणार नाही. त्याला रंगवून सांगायची सवय होती. फिलिप फिथियन जास्त भरवशाचा. व्हर्जिनियातल्या एका जमीनदाराच्या मुलांना तो शिकवत असे. १७७४ च्या रोजनिशीत त्याने भांडणाची कारणं दिली आहेत: कुणी दुसऱ्याची टोपी इकडेतिकडे ठेवली, हातातला पीच उडवला, बाटलीचं तोंड न पुसता दारू पुढे केली. कारणं क्षुल्लक वाटतात, पण जिथे रोख पैसा कमी आणि कोर्ट लांब, तिथे चारचौघांतली पत हीच गरीब माणसाची मालमत्ता होती. म्हणून हे घडायचं ते गर्दीत: कोर्टाच्या तारखेला, निवडणुकीला, मिलिशियाच्या (गावकऱ्यांच्या हंगामी फौजेच्या) कवायतीला, घोड्यांच्या शर्यतीला.

मला सर्वांत अस्वस्थ केलं ते सरहद्दीकडच्या काउंटी (जिल्हा) कोर्टांच्या काही नोंदींनी. माणूस कोर्टात येतो, पण फिर्याद घेऊन नाही. आपल्या कानाचा तुकडा अमक्याने मारामारीत चावून तोडला, एवढं दप्तरात लिहून घ्या म्हणतो. कारण कान कापणं ही सरकारी शिक्षाही होती. व्हर्जिनियाच्या १७०५ च्या कायद्यात दुसऱ्यांदा डुक्कर चोरणाऱ्याचे दोन्ही कान दोन तास खोड्याच्या लाकडाला खिळ्यांनी ठोकत आणि मग कापून सोडत. तुटका कान घेऊन नव्या वस्तीत गेलेला माणूस चोर ठरायचा. गेलेल्या कानाची भरपाई तो मागत नाही, चोर नसल्याचा दाखला मागतो. ज्या अवयवाला जुना कायदा अंगच्छेदात धरत नव्हता, त्याच्यावर या माणसाची अख्खी अब्रू टांगलेली होती! विद्रूपतेला वेगळं कलम का लागतं, हे मी वर्गात याच नोंदीवरून सांगितलं.

कायद्यांनी या झुंजी थांबवल्याचं दिसत नाही. त्या ओसरल्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्याकडे. १८२७ च्या, मिसिसिपी नदीकाठच्या नॅचेझ गावाजवळच्या मारामारीनंतर बोवी या मोठ्या सुऱ्याचं नाव झालं, १८३६ मध्ये सॅम्युएल कोल्टने रिव्हॉल्व्हरचं पेटंट घेतलं. खिशात पिस्तूल असू शकणाऱ्या माणसाचे केस धरायला अंगाशी जाणं कुणालाच परवडेना, आणि कोर्टापुढे चावलेल्या कानांऐवजी गोळी लागलेली माणसं येऊ लागली.