कारल्याचा मांडव आणि फळमाशी

गणपतीच्या तोंडावर परसातल्या मांडवावर कारली मस्त लटकतात आणि नेमकी तेव्हाच फळमाशी येते, कोवळ्या फळाला टोचून आत अंडी घालते, मग कारलं वाकडं होऊन पिवळं पडतं, कापलं की आत अळ्या. कडुनिंबाचं तेल फवारलं तरी ते आतल्या अळीपर्यंत पोचत नाही हो! म्हणून फूल सुकून फळ बोटभर झालं की मी जुन्या सुती साडीची पिशवी बांधते. शिवाय क्यू ल्यूरचा (नर माशीला ओढणाऱ्या वासाचा) सापळा लावते, आंब्याच्या फळमाशीसाठी असतो तो मिथाइल युजेनॉलचा वास नको, या माशीला तो चालत नाही. आणि किडकं फळ खतात अजिबात टाकू नका, अळी मातीत शिरून कोष करते आणि परत माशी तयार.

भेंडीवरच्या माव्याला (रस शोषणाऱ्या बारीक किडीला) मात्र लिटरभर पाण्यात ५ मिली निंबतेल, थोडा साबण, पानांच्या खालून, पाऊस उघडला की संध्याकाळी फवारा.